बाबागाडी रात्री कुठे झोपणार?

प्रश्न : आक्का, नमस्कार. मला सातवा महिना लागलाय. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. घरी सासू-सासरे, आम्ही दोघं आणि एक स्कूटर. नवऱ्यानं मोबाइलवर एक बाबागाडी पसंत केलीय, बावीस हजारांची. तिच्याबरोबर चारचाकीत बसवायची सीट येते, पाळण्यासारखं टोपलं येतं आणि सगळं एकाच सांगाड्यावर बसतं. सासूबाई म्हणतात, बाळ जन्मायच्या आधी पाळणा, गाडी असलं काही घरात आणायचं नाही. शिवाय आमची चार पोरं कडेवरच वाढली, गाडी कशाला पाहिजे, असंही त्यांचं म्हणणं. पहिलं बाळंतपण, त्यामुळे मी आईकडे गडहिंग्लजला जाणार आहे. मला मात्र मनापासून वाटतं की संध्याकाळी बाळाला घेऊन रंकाळ्यावर तरी जाता यावं. गाडी घ्यावी का, कधी घ्यावी आणि कसली घ्यावी?
– एक होणारी आई, मंगळवार पेठ

उत्तर : तुझ्या पत्रातली एक गोष्ट तू सहज लिहून गेलीस, पण माझ्या मते सगळं तिच्यावरच ठरतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणून मी तुला आधी कंपनी, रंग, किंमत यातलं काहीच विचारत नाही. ही गाडी रात्री कुठे झोपणार, तेवढं सांग. जिन्याखाली कोरडी, साखळी-कुलूप लावता येईल अशी जागा आहे का? की फिरून आल्यावर ती रोज वर न्यायची आहे?

नवऱ्यानं पसंत केलेल्या तऱ्हेच्या गाड्या सहसा दहा-बारा किलोंच्या असतात, कधी त्याहून जड. मार्केट यार्डातला दहा किलोचा गुळाचा रवा डोळ्यासमोर आण. एका हातात तो रवा, दुसऱ्या हातावर बाळ, खांद्यावर लंगोटांची आणि दुपट्यांची पिशवी, असे तीन मजले चढायचे आहेत. त्यात बाळही वाढणार. जन्मताना तीन किलोच्या आसपास असलेलं मूल पाचेक महिन्यांत दुप्पट होतं आणि वर्षाचं होईपर्यंत तिप्पट. बाळंतपणानंतर कंबर आणि ओटीपोट आधीच ढिलं झालेलं असतं, सिझेरियन झालं तर टाके वेगळेच. पहिले काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नको, असं मी प्रत्येक बाळंतिणीला सांगत आले. हे सगळं गाडीच्या जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

आता कधी घ्यायची ते. सासूबाईंशी यावरून वाद घालू नकोस. त्यांच्या मनातली धास्ती फार जुनी आहे, आपल्याकडे रिकामा पाळणासुद्धा कुणी हलवत नाही. आणि हिशेबानं बघितलं तरी त्यांचंच बरोबर निघतं. तू गडहिंग्लजला असणार, बाराव्या दिवशी बारसं होणार, सव्वा महिना बाळ फारसं बाहेर पडणार नाही, आणि तीन महिन्यांच्या आत आई तुला इकडे पाठवेल असं मला वाटत नाही. तोवर गाडी मंगळवार पेठेत धूळ खात पडेल. ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायची मुदत थोड्या दिवसांची असते, ती बाळानं गाडीत पाय ठेवायच्या आधीच संपून जाईल. तेव्हा आत्ता फक्त बघून ठेव. बाळंतविडा घेऊन येणारी माणसं विचारतात, काय आणू? झबली-टोपडी दहा घरांतून येतात आणि महिन्याभरात लहान होतात. जवळचं कुणी विचारलं तर मोकळेपणानं सांग, गाडीसाठी पैसे साठवतोय, त्यात घाला.

कसली घ्यावी, यावर मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण माझी २९ वर्षं नवजात बाळांच्या कक्षात गेली आणि ही गोष्ट मी रोज डोळ्यांनी बघितली आहे. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि जड असतं, मान धरायला तीन-चार महिने लागतात. अर्धवट बसतं केलं की डोकं पुढे पडतं आणि हनुवटी छातीला टेकते. मोठ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. बाळाची श्वासनळी मात्र आपल्या करंगळीहून कितीतरी बारीक, मऊ असते. ती दुमडली की श्वास अडतो, आणि बाळ रडत नाही, हातपाय झाडत नाही, गप्प झोपलंय असंच वाटतं. आमच्याकडे दिवस न भरलेली बाळं असायची. रात्रपाळीला यंत्राचा आवाज वाजला की मी आधी मान बघायची. दुपट्याची एक छोटी घडी करायची, बोटभर जाडीची, ती डोक्याखाली नव्हे, खांद्यांखाली सरकवायची. मान अलगद सरळ व्हायची, ओठांवरचा निळसर रंग जाऊन गुलाबी परतायचा. एवढ्याशा घडीचा फरक असतो.

म्हणून बाळ आधाराशिवाय बसायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत, त्याला गाडीत आडवंच राहता आलं पाहिजे. युरोपात बाबागाड्यांसाठी ईएन १८८८ नावाचं मानक आहे. जन्मापासून वापरायच्या सीटची पाठ निदान १५० अंशांपर्यंत उतरली पाहिजे, असं त्यात सांगितलंय. दुकानात कोन कसा मोजायचा? घड्याळात पाच वाजता दोन काट्यांमध्ये जो कोन होतो, तो बरोबर १५० अंशांचा. पाठ तेवढी किंवा त्याहून सपाट होत नसेल तर खोक्यावर ‘० ते ३ वर्षे’ असं कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असू दे, ती गाडी तान्ह्या बाळाची नाही. आणि घरातली मोहरीची उशी गाडीत ठेवायची नाही. वरून जाड गादीही घालायची नाही, तिनं डोकं पुढे ढकललं जातं आणि पट्टेही ढिले पडतात. गाडीत डोळा लागला तर लागू दे, पण घरी आल्यावर बाळाला उचलून सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवायचं. रात्रीची झोप गाडीत नको.

यातूनच त्या बावीस हजारांचं उत्तर मिळतं. तुमच्याकडे चारचाकी नाही, मग चारचाकीच्या सीटचे पैसे का भरायचे? उद्या चारचाकी घेतलीत तर सीट जरूर घ्या, चालत्या मोटारीत मूल मांडीवर धरणं अजिबात सुरक्षित नाही. पण ती सीट सांगाड्यावर बसवून बाळाला त्यातच तास तास फिरवायचं, हे मला पटत नाही. त्यात बाळ अर्धवट बसल्यासारखं राहतं, म्हणजे पुन्हा मानेचा प्रश्न आलाच.

आता आपल्या रस्त्यांचं बघू. तुझ्या गल्लीत फरशी आहे, गटारावरची जाळी आहे, दारोदारी पायऱ्या बाहेर आलेल्या आहेत, पेव्हर ब्लॉक मधेच खचलेले आहेत. महाद्वार रोडवर तर संध्याकाळी माणसालाच वाट मिळत नाही, तिथं गाडी न्यायचा विचारही करू नकोस. अंबाबाईला जाताना बाळ कडेवरच. लहान, टणक, जोडचाकं असलेली गाडी दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर लोण्यासारखी पळते. तीच जाळीवर आली की पुढचं चाक फटीत बसतं आणि गाडी जागच्या जागी थांबते, बाळ मात्र पुढे येतं. चाक जितकं मोठं तितकं ते खड्ड्यावरून सहज जातं. पण मोठ्या चाकांची गाडी जड होते आणि घडीही मोठी होते. हलकी घडी आणि मोठी चाकं दोन्ही एका गाडीत मिळत नाहीत, यातलं एक सोडावंच लागतं. म्हणून मी सुरुवातीला जिन्याखालच्या जागेचं विचारलं. खाली जागा असेल तर आठ इंचांच्या आसपासची चाकं असलेली, जरा जड गाडी घे, साखळी लावून खालीच ठेव, पावसाळ्यात वरून जुनं मेणकापड टाक. जागा नसेल तर सहा-सात किलोंची, एका हातानं मिटणारी, पाठ पूर्ण उतरणारी गाडी घे आणि गल्लीतला तो खडबडीत पट्टा बाळाला कडेवर घेऊन पार कर.

घेताना दोघांनी मिळून जा. राजारामपुरीत, शाहूपुरीत लहान मुलांच्या सामानाची दुकानं आहेत. दुकानदाराला विनंती कर, गाडी बाहेर रस्त्यावर काढू दे. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. बरोबर पाच किलो तांदळाची पिशवी ने आणि ती सीटवर ठेवून पट्ट्यांनी बांध. रिकामी गाडी कुणाचीही छान चालते. पट्टे पाच हवेत, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांच्या मधून. नुसता कमरेचा पट्टा असला तर बाळ खालून सरकतं. नवऱ्याला ढांगा टाकून गाडी ढकलायला सांग. तो उंच असेल आणि दांडा खाली असेल तर त्याचे पाय मागच्या आसावर आपटतील, पाठही वाकेल. मग तो दोन दिवसांत गाडी ढकलायची सोडून देईल आणि सगळं तुझ्यावर येईल.

ब्रेक उतारावर बघायचा. जिथं थोडा उतार असेल तिथं, तांदळासकट, ब्रेक लाव आणि हात सोड, पण हात गाडीजवळच असू दे. एकाच दट्ट्यानं दोन्ही मागची चाकं अडली पाहिजेत. आणि एक अगदी आपल्याकडची गोष्ट. पुष्कळ गाड्यांचा ब्रेक पायानं खाली दाबून लागतो, पण सोडताना तोच दट्ट्या पायाच्या अंगठ्यानं वर उचलावा लागतो. बूट घालणाऱ्या माणसांनी बूट घालणाऱ्यांसाठी केलेली रचना आहे ती. आपण चप्पल घालतो. दिवसातून दहा वेळा उघड्या अंगठ्यावर ती कडा लागली की माणूस ब्रेक लावायचाच कंटाळा करतो, आणि तिथंच धोका आहे. तू रोजची चप्पल घालूनच दुकानात जा आणि ब्रेक दहा वेळा लावून-सोडून बघ. लावायला आणि सोडायलाही खालीच दाबावा लागेल असा दट्ट्या मिळाला तर उत्तम.

माझ्या हातून झालेली चूक सांगते, ती तुझ्या हातून होऊ नये म्हणून. नात दहा महिन्यांची होती. कपिलतीर्थ मंडईत भाजी घेतली, दोन गड्डे फ्लॉवर, कांदे, एक नारळ, आणि पिशवी गाडीच्या दांड्याला अडकवली. गाडी हलक्या घडीची होती. घराशी आल्यावर कुलूप उघडायला म्हणून मी दांडा सोडला. नातीनं त्याच क्षणी मागे रेलून हात वर केले आणि गाडी पिशवीच्या बाजूला, मागच्या मागे उलटली. दांडा दगडी पायरीवर आपटला. पाचही पट्टे लावलेले होते म्हणून नात सीटमध्येच राहिली, डोकं कापडाच्या पाठीवर टेकलं, पायरीला लागलं नाही. ती रडली, दोन मिनिटांत शांत झाली. माझे हात रात्रीपर्यंत थरथरत होते. इतकी वर्षं बाळं सांभाळलेली बाई मी, आणि नारळाचं वजन माझ्या लक्षात आलं नाही. दांड्याला काहीही अडकवायचं नाही. सामान सीटखालच्या जाळीत, तेही थोडकं.

बाळाचं तोंड तुझ्याकडे असेल अशी गाडी मिळाली तर निदान पहिलं वर्ष तरी तशीच वापर. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या सुझॅन झीडिक यांनी २००८ मध्ये रस्त्यावरच्या आई-बापांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं होतं. मूल आपल्याकडे तोंड करून असलं की माणसं त्याच्याशी दुपटीनं बोलतात, असं त्यांना आढळलं. मला ते वाचून नवल वाटलं नाही. बाळाचा चेहरा दिसला की आपल्या तोंडून आपोआप शब्द येतात, ‘ते बघ बदक, ते बघ माऊ’ सुरू होतं. शिवाय मान पडलीय का, ऊन लागतंय का, हेही तुला वाकल्याशिवाय दिसतं.

धुराचंही मनात ठेव. गाडीतलं बाळ जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर असतं, आणि मोटारींच्या धुराची नळीही जमिनीजवळच. ब्रिटनमधल्या सरे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की गाडीतल्या बाळांच्या वाट्याला मोठ्या माणसांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषित हवा येऊ शकते. संध्याकाळी सहा-सातला दसरा चौकात सिग्नलला रिक्षाच्या मागे गाडी उभी केलीस तर काय होईल ते तूच बघ. रंकाळ्याला जायचं तर सकाळी जा, किंवा मोठा रस्ता टाळून आतल्या गल्लीनं जा. उन्हाळ्यात गाडीवर ओढणी किंवा दुपटं झाकू नकोस. सावली होते असं वाटतं, पण आतली हवा कोंडून तापते. गाडीचं स्वतःचं छत पुढे ओढ, वारा मोकळा राहू दे. पावसाचं प्लॅस्टिक वापरशील तेव्हाही त्याला हवेच्या खिडक्या आहेत ना बघ, आणि पाऊस थांबला की लगेच काढ.

आणि स्कूटर. बाळ तुझ्या मांडीवर आणि घडी केलेली गाडी नवऱ्याच्या पायांशी, असं रंकाळ्यावर येणारी जोडपी मी बघते आणि माझा जीव खालीवर होतो. गाडीची घडी पायाशी असली की हँडल पूर्ण वळत नाही. चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर नेण्याचे नियम केंद्र सरकारनं २०२२ मध्ये काढले आणि ते २०२३ पासून लागू झाले. मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. म्हणजे नऊ महिन्यांखालच्या बाळाला दुचाकी चालते, असा त्याचा अर्थ काढू नकोस. त्या डोक्याला बसेल असं हेल्मेटच नसतं. रिक्षा कर. घडी मागच्या जागेत बसते का, हे गाडी घेण्यापूर्वीच एका रिक्षावाल्या भावाला थांबवून बघून घे. पाच मिनिटांचं काम आहे.

सासूबाईंच्या कडेवरच्या पोरांबद्दलही बोलते. त्यांचं खोटं नाही. पहिले चार-पाच महिने तुझ्या गल्लीत गाडीपेक्षा हातच जास्त उपयोगाचा. सुती साडीचं जुनं कापड किंवा चांगल्या शिवणीचं कॅरियर अंगाला बांधलंस तर हात मोकळे राहतात. फक्त बाळाचे पाय बेडकासारखे फाकलेले आणि गुडघे ढुंगणापेक्षा जरा वर हवेत, त्यानं खुब्याचे सांधे नीट बसतात. पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळायचे नाहीत. बाळाचं नाक-तोंड तुला दिसत राहिलं पाहिजे, आणि हनुवटी व छाती यांत दोन बोटं मावली पाहिजेत. सासूबाईंना विचार, त्या कशा बांधायच्या. ज्या बाईनं चार पोरं कडेवर वाढवली तिला या बाबतीत तुझ्या मोबाइलपेक्षा जास्त कळतं. आणि त्यांच्या कमरेचंही बघ. आता त्यांना नातू-नात तासभर कडेवर घेऊन फिरणं झेपणार नाही, आणि ‘तुमच्यासाठी’ म्हणून गाडी आणलीस तर मला वाटतं त्याच पहिल्यांदा ढकलतील.

प्रश्न : माझी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर गेली. आता घरी असतो. मुलीला मुलगा झालाय. पुतण्याच्या पोराची पाच वर्षांपूर्वीची बाबागाडी माळ्यावर आहे. छत्रीसारखी मिटते. एक चाक डगमगतं, घडीचा खटका कधी लागतो, कधी नाही. मी दुरुस्त करून नातवाला वापरू का? मुलगी म्हणते नवीनच घेऊ.
– एक आजोबा, कसबा बावडा

उत्तर : दादा, तुमच्या हातात कसब आहे, तेव्हा चाकाचं काम तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं कराल. माझ्या भावाचंही उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं. नातीच्या गाडीचं चाक एकदा अडकायला लागलं तेव्हा मी त्याच्याकडे नेली. त्यानं चाक काढलं आणि आसावरून चिमट्यानं एक काळा गुंडा ओढून काढला, बोटाएवढा जाड. केस, साडीच्या काठाचा जरीचा दोरा, वाळलेला चिखल. पुसून तेलाचे दोन थेंब दिले आणि चाक पुन्हा फिरायला लागलं. तुमच्या गाडीतही तसंच असेल. आस झिजला असेल तर बुश बदला, तुमच्या दृष्टीनं ते किरकोळ काम.

छत्रीसारखी मिटणारी गाडी काढली ती ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश अभियंत्यानं, १९६५ मध्ये. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेला माणूस. जडशीळ बाबागाडीची कटकट त्यानं घरात, लेकी-नातीच्या निमित्तानं बघितली आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा तीन किलोंच्या आतला सांगाडा केला. म्हणजे तुमच्यासारखाच कारागीर आजोबा.

पण खटक्याचं मला चालणार नाही, आणि तिथं मी तुमच्या मुलीच्या बाजूची आहे. कधी लागतो, कधी नाही, असा खटका म्हणजे बाळ आत असताना गाडी मिटू शकते. तो बहुधा प्लॅस्टिकचा असतो, पाच वर्षं माळ्यावरच्या पत्र्याच्या उष्णतेत वाळून ठिसूळ झालेला. लोखंडाचा तुकडा तासून तुम्ही त्या जागी बसवाल, पण तो रोज दहा वेळा उघड-मिट होताना कसा वागेल ते बाळाला बसवून तपासता येत नाही. कंपनीचा तोच भाग मिळत असेल तरच बदला. नाही तर गाडी मोडीत काढा, आणि दुसऱ्या कुणाला देऊ नका.

बिजागरीही बघा. २००९ मध्ये अमेरिकेत याच घडीच्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी मॅक्लारेन कंपनीला बिजागरीवरची झाकणं वाटावी लागली होती, कारण गाडी उघडताना मुलांची बोटं सापडून टोकं तुटली होती. नवी घ्या, जुनी घ्या, गाडी उघडता-मिटताना नातू दोन हात लांब, दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर असला पाहिजे. आणि छत्रीच्या घडीच्या पुष्कळ गाड्यांची पाठ पूर्ण उतरत नाही. नातू तान्हा असेल तर वर मंगळवार पेठेतल्या ताईंना लिहिलेलं मानेचं तेवढं वाचा. दुरुस्त झाली तरी ही गाडी तो नीट बसायला लागल्यावरच काढा.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे. गाडीत बसून कंटाळतं. सगळे म्हणतात गोल वॉकर आणा, म्हणजे लवकर चालेल. आणू का?
– एक वाचक, रुईकर कॉलनी

उत्तर : नका आणू. त्यात मूल लोंबकळत पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं, स्वतःचा तोल सांभाळायला शिकतच नाही. चालणं लवकर येत नाही, उलट लांबू शकतं. आणि त्याचा वेग तुमच्या हातापेक्षा जास्त असतो, दोन सेकंदांत ते जिन्याच्या तोंडाशी किंवा गॅसशेजारच्या गरम पातेल्याशी पोचतं. कॅनडानं २००४ पासून या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आहे, जुना वॉकर विकायलाही परवानगी नाही.

आठ महिन्यांच्या बाळाला सतरंजी पसरून जमिनीवर सोडा, रांगू दे, डब्याचं झाकण वाजवू दे. धरून उभं राहायला लागलं की सुताराकडून लाकडी पांगुळगाडा करून घ्या, तीन चाकांचा, आपल्याकडे पूर्वी घरोघरी असायचा तसा. त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं, थांबावंसं वाटलं की थांबतं. सुताराला सांगा, खालची चौकट जरा रुंद आणि जड ठेव, म्हणजे मुलानं दांड्यावर भार टाकला की तो पुढे निसटणार नाही. कडा पॉलिश पेपरनं घासून गोल करून घ्या आणि चाकाच्या खिळ्याचं टोक कुठे बाहेर आलं नाही ना, ते स्वतःच्या तळहातानं फिरवून बघा.